पाचव्या आठवड्यातली सुई

आमच्याकडे सुई न देणाऱ्याला कुणी डॉक्टर म्हणत नाही. अंगात कसकस असो, कंबर धरलेली असो, की नुसती झोप येत नसो, माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो बाही वर सारतच. मी फिजिओथेरपिस्ट. पदवी घेऊन दिग्रसला बसस्टँडजवळच्या एका कापडदुकानाच्या माडीवर दवाखाना टाकला, तेव्हा माझ्याकडे पलंग होता, शेक द्यायचं यंत्र होतं, भिंतीला लावलेली दोरी-कप्पी होती. सुई नव्हती. त्यामुळे पहिली तीन-चार वर्षं सगळं गाव मला मालिशवाला म्हणत होतं. बाजाराच्या दिवशी खाली दुकानात कुणी पत्ता विचारला, की दुकानदार मान वर करून ओरडायचा, "मालिशवाले, पेशंट आला बरं!" मी वरून हसल्यासारखं करायचो आणि आतून धुमसायचो.

मग नागपूरला ड्राय नीडलिंगचं शिक्षण सुरू झाल्याचं कळलं. शनिवार-रविवार असं करत मी ते पूर्ण केलं. बारीक, केसासारखी सुई. तिच्यातून औषध जात नाही. आखडलेल्या स्नायूतली गाठ शोधून तिथं ती टोचायची, स्नायू एकदा फडफडतो आणि सैल पडतो. परत आल्यावर मी फलक नवा रंगवून घेतला आणि त्यावर सुई हा शब्द माझ्या नावापेक्षा मोठा काढायला लावला. लोक विचारायचे, "साहेब, याच्यात दवा कुठं हाय?" मी ऐटीत म्हणायचो, "दवा तुमच्याच अंगात आहे." हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलेलं होतं. आज आठवलं की कान तापतात.

नागपूरच्या आमच्या शिक्षकांनी एक गोष्ट फळ्यावर लिहिली नव्हती, पण दोनदा बजावली होती. ऑपरेशन झालेल्या माणसाला सुई लावायची घाई करू नका. जखम बाहेरून आणि आतून भरलेली पाहिजे. सूज, लाली, ओल असली तर सुई हातातसुद्धा घ्यायची नाही. आत धातूची पट्टी किंवा स्क्रू बसवलेले असतील तर त्या जागेपासून लांब राहायचं. आणि किती आठवडे थांबायचं हे प्रत्येकाचं वेगळं, ते ज्यानं ऑपरेशन केलं त्याला विचारायचं, आपण ठरवायचं नाही. वर्गात एकानं विचारलं, "सर, सर्जन फोनच उचलत नसेल तर?" ते म्हणाले, "तर सुई डबीत राहू द्या. ती नासत नाही." सगळे हसले होते. मीही.

ते वर्ष बोंडअळीचं होतं. वरून बोंड छान दिसायचं आणि फोडलं की आत अळी आणि काळी पडलेली सरकी. कापसातून सरकी काढणाऱ्या दिग्रसच्या जिनिंगवाल्यांनी दसऱ्याच्या आधीच सांगून टाकलं होतं की यंदा माल नाही, कारखाना थोडेच दिवस चालेल आणि बायाही थोड्याच घेऊ. जिनिंगमध्ये बायांचं काम दोन तऱ्हेचं. एक, टोपली भरून डोक्यावर घ्यायची आणि यंत्रापाशी रिकामी करायची. दुसरं, बसून कवडी निवडायची, म्हणजे किडका, डागी कापूस वेगळा काढायचा. बसायचं काम मुकादमाच्या नात्यातल्या बायांना मिळायचं. बाकीच्यांना टोपली.

ती टोपलीवाली होती. तिशी-बत्तिशीची, बोलायला चटपटीत, बाजारापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहणारी. पोळ्याच्या दोन दिवस आधी नळावर शेवाळावरून घसरली आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, टाके निघाले आणि हलके व्यायाम करायला म्हणून तिला माझ्याकडे धाडलं. तिच्या कार्डावर सर्जननी लिहिलं होतं, सहा आठवड्यांनी एक्स-रे फोटो काढून दाखवणे. त्याखाली त्यांचा फोन नंबर होता.

मी तिला व्यायाम देत होतो. टेबलावर हात सरकवायचा, वाकून हात लोंबता सोडून हलवायचा, असे. ठीक चाललं होतं, पण सावकाश, आणि तिला सावकाशपण परवडत नव्हतं. जिनिंगचा मुहूर्त जवळ आला होता. पाचव्या आठवड्यात एक दिवस ती घरी न सांगता एकटीच आली आणि पलंगावर बसायच्या आधीच म्हणाली, "साहेब, मले सुई लावा."

"कशाला? व्यायाम चालू आहेत ना."

"व्यायामानं हात कानापाशी बी येऊन नाही राह्यला. मुकादम म्हणते, टोपली उचलून दाखव, मंग नाव लिहितो. यंदा जागा गेली त पुढच्या वर्षी कोन इचारते? आमच्या शेजारनीच्या मानेले तुमी सुई लावली, ते दुसऱ्या दिवशी नाचून राह्यलती. मलेच काहून नाही?"

मी म्हणालो की एक आठवडा थांबा, सर्जनना दाखवा, मग बघू. हे मी म्हणालो, एवढं माझ्या बाजूनं नोंदवतो. पण तिनं माझ्याकडे बघून सहज म्हटलं, "म्हंजे तुमाले बी त्यायलेच इचारा लागते?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याला कारण होतं. वर्षभरापूर्वी याच सर्जनना मी एका गुडघ्याच्या पेशंटबद्दल फोन केला होता, तेव्हा ते म्हणाले होते, "अहो, तुम्ही मालिश करा. डोकं चालवायला आम्ही आहोत." फोन ठेवला तेव्हा पलंगावरच्या म्हाताऱ्यानं ते ऐकलं होतं की नाही, या विचारात मी तो आख्खा दिवस घालवला होता. आता कार्ड माझ्या हातात होतं. नंबर समोर होता. फोन टेबलावर होता. एवढं एक काम मी केलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. मी कार्ड पालथं ठेवलं.

दंडावरचा व्रण जवळजवळ भरला होता. जवळजवळ. खालच्या टोकाला डाळीएवढी खपली होती आणि तिच्याभोवती गुलाबी कडा. ती मी पाहिली. पाहिली नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. खपलीपासून चार बोटं वर सुई लावतोय, मग काय होतं, असं मनाशी म्हटलं. सुई नवी होती, जागा स्पिरिटनं पुसली होती. स्नायू फडफडला. तिनं हात उचलून पाहिला आणि खरंच, कानाच्या वर गेला. ती एवढी खूश झाली की जाताना जिन्यावरून खाली दुकानदाराला ओरडून सांगत गेली, "तुमचा मालिशवाला नाही, डाक्टर हाय थो!" मी वर खुर्चीत बसून चहा मागवला. दोन दिवसांनी पुन्हा सुई लावली.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिची सासू माडी चढून आली. ठेंगणी, काटक म्हातारी. तिला मी ओळखत होतो, कारण त्या बाजूच्या बाळंतिणींना शेकणं आणि तान्ह्या पोरांना तेल लावून न्हाऊ घालणं तिच्याकडे असायचं. धापा टाकत म्हणाली, "डाक्टर, सून तापानं फणफणून राह्यली. दंड ढोलासारखा फुगला. चाला बरं जरा."

मी तिच्या मागोमाग घरी गेलो. खपलीच्या जागेतून पिवळट पाणी येत होतं. यवतमाळला न्यावं लागेल, मी म्हणालो, आणि मीच सोबत निघालो. म्हातारीला ते फार मोठं वाटलं. बसमध्ये तिनं मला खिडकीची जागा दिली. दारव्हा सोडल्यावर म्हातारीला डुलकी लागली, तेव्हा मी सुनेकडे वाकून हळूच म्हणालो, "तिथं सुईचं काही बोलू नका. मोठे डॉक्टर चिडतील, तुम्हालाच बोलतील." तापानं तिचे डोळे लाल झाले होते. तिनं मान हलवली. आजारी बाईला मी बसमध्ये खोटं शिकवत होतो आणि तिच्याच भल्याचं सांगतोय असा आव आणत होतो.

वॉर्डात सर्जन आले. मलमपट्टी सोडून त्यांनी दंड पाहिला, मग तिला कुशीवर वळवलं. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, चार काळे ठिपके होते. बिब्ब्याचे. आमच्याकडे दुखऱ्या जागी बिब्बा लावायची पद्धत जुनी आहे. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचा ठिपका कातडीवर ठेवायचा. हात अडकवायच्या झोळीच्या पट्ट्यानं सुनेची पाठ अवघडली म्हणून म्हातारीनं भादव्यातच ते केलं होतं. ठिपके केव्हाचेच वाळले होते आणि जखमेपासून वीतभर लांब होते.

सर्जनचा आवाज चढला. "हे कोणी केलं?"

म्हातारी पुढे झाली. "म्याच लावला, साहेब. पाठीले."

"पाठीले! आणि दंडाला काय टोचलंस? सुई गरम करून टोचलीस ना? आम्ही इथं हाडं जोडायची आणि तुम्ही घरी जाऊन सत्यानाश करायचा. सुनेचा हात घालवलास तू, कळतं का?"

वॉर्डात वीस-पंचवीस माणसं होती, त्यांत दोन-तीन दिग्रसचीही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं जेवायचं थांबवलं. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग ती अगदी समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "साहेब, सुई बिब्ब्याले टोचतेत. मानसाले नाही टोचत."

त्या खोलीत हे वाक्य किती खरं आहे हे म्हातारीशिवाय फक्त दोघांना माहीत होतं. सुनेनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी मूग गिळून उभा राहिलो. सर्जननी म्हातारीला हातानंच बाजूला केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही वेळेवर आणलंत म्हणून बरं. तुमच्यासारखी शिकलेली माणसं तालुक्यात हवीत." ज्या माणसाकडून हे ऐकायला मी वर्षभर तडफडत होतो त्यानं ते म्हटलं, आणि मी मान झुकवून ते घेतलं. "माझं कर्तव्यच आहे, सर," असंही म्हणालो.

तिचं दुसरं ऑपरेशन झालं. जखम उघडून धुतली, तीन आठवडे ती तिथं पडून होती. हाड पुढं जुळलं, पण खांदा धरला तो धरलाच. त्यानंतर सात-आठ महिने ती माझ्याकडे व्यायामाला येत होती. मी पैसे घेत नव्हतो, आणि त्याबद्दलही वस्तीत माझं कौतुक झालं. हात कानापर्यंत आला आणि तिथं थांबला. डोक्यावर टोपली धरायला तो पुन्हा कधी गेला नाही. जिनिंगमधली तिची जागा दुसऱ्या बाईला मिळाली.

या सगळ्या काळात मी स्वतःशी वकिली करत होतो. जंतू कुठूनही गेले असतील. खपली आधीचीच ओली असेल. ती धुणी धूत असेल. यातलं काही खोटं ठरवता येत नव्हतं आणि म्हणून ते मला फार सोयीचं होतं. सुईनंच झालं, असं छातीठोकपणे आजही कुणी सांगू शकणार नाही. पण लावायची वेळ नव्हती तेव्हा मी ती लावली, विचारायचं होतं त्याला विचारलं नाही, आणि दोष दुसऱ्यावर पडताना पाहिला. यात शंकेला जागा कुठं आहे?

पुढं तीन वर्षांनी मला मुलगी झाली. बायको माहेराहून आली तेव्हा बाळ सव्वा महिन्याचं होतं, आणि न्हाऊ घालायला कुणीतरी हवं होतं. मी सहज म्हणून गेलो की बाजारापलीकडे एक आजी आहे, तिचा हात चांगला आहे. घरमालकीणबाई तिथंच बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "छे बापा, तिले नोका बलावू. तिनं आपल्या सुनेचा हात घालवला. तिच्या हातात आता कोनी लेकरू देत नाही." बायकोनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की असल्या बाईचं नाव मी घेतलंच कसं. मी काही बोललो नाही. तेव्हासुद्धा बोललो नाही. रात्रभर मात्र त्या घट्ट धरलेल्या हातांची मला लाज वाटत राहिली, कारण ते माझ्यापासून धरायला हवे होते.

सकाळी दवाखाना न उघडता मी वस्तीत गेलो. म्हातारी दाराशी शेंगा सोलत होती. सून चुलीपुढं. मी ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. पाचवा आठवडा, खपली, पालथं ठेवलेलं कार्ड, बसमधलं बोलणं. बोलताना मी एकदाही वर पाहिलं नाही.

म्हातारी सुनेकडे वळली. "तुले माईत होतं?"

सुनेनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "सुई लावली हे माईत होतं. यायनं सांगू नोका म्हनलं. मी बोलली असती अन् हे नाराज झाले असते, त माहा हात कोनं वर करून देल्ला असता? गावात दुसरं हाय कोन?"

तिनं माझी भीड ठेवली असेल, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तिला माझी गरज होती म्हणून ती गप्प बसली होती, आणि ती गरज मीच तयार केली होती. माझ्याच्यानं तिथं बसवेना.

"आजी, मी चुकलो," मी म्हणालो. "मला माफ करा."

म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. इतके दिवस ती मला तुमी म्हणायची. "तू इथं कायले सांगून राह्यला?" ती म्हणाली. "या घरात मले कोनी बोललं नाही. जिथं बोलले, तिथं चाल. त्या डाक्टरच्या तोंडावर सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं यवतमाळला गेलो. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली, मी आत गेलो. सर्जन घाईत होते. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पाचव्या आठवड्यात? प्लेट असलेल्या दंडात? फोन का नाही केलात?" मी सांगितलं का ते. मालिशचं ते बोलले होते तेही सांगितलं. त्यांना ते आठवत नव्हतं. मग मी म्हातारीचं सांगितलं, बिब्ब्याचं, ते वॉर्डात तिला काय म्हणाले ते. "कोणती म्हातारी?" ते म्हणाले. "अहो, रोज दहा म्हाताऱ्यांवर ओरडतो मी." त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं. बाहेर बसली आहे म्हटल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सांगा तिला, जुनं झालं ते. सोडून दे म्हणावं."

मी बाहेर आलो. म्हातारी काठी धरून बाकावरून उठली. "काय म्हनले?"

ते म्हणाले चूक झाली, असं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. तिला बरं वाटलं असतं आणि मीही सुटलो असतो.

"त्यांना आठवत नाही, आजी."

"त्यायले नाही आठवत," ती सावकाश म्हणाली. "मले आठवते. अन् गल्लीले आठवते. चाल, आता गल्लीत सांग."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा तिनं स्वतः घेतली. दिग्रस आलं. नळाला पाणी यायची वेळ झाली होती, वस्तीतल्या बाया भांडी घेऊन निघाल्या होत्या. मी बसमधून उतरलो आणि माझे पाय आपोआप दवाखान्याच्या बाजूला वळले. तेवढ्यात म्हातारीनं मागून माझी बाही धरली, आणि नळापर्यंत सोडली नाही.